बिल्ल्यांनी श्रोता घडेल काय?

प्रत्यक्ष गायन-वादनाच्या कार्यक्रमांना श्रोते कसे मिळवावेत, हा प्रश्न जाहीर मैफलीइतकाच जुना आहे. भित्तिपत्रके, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि रसिकांनी रसिकांपाशी केलेली वाखाणणी यांवर अनेक पिढ्यांचे भागले. गेल्या दीड दशकात या साधनांत एका नव्या साधनाची भर पडली आहे. श्रोत्याच्या खिशातील मोबाईल तो या क्षणी कोठे आहे हे सांगू शकतो. त्या ठावठिकाण्याला गुण, बिल्ले आणि पदव्या यांची जोड दिली, की संगीतगृहाकडे जाणारी वाट हा एक खेळ बनतो. या खेळाने मैफलीचे कल्याण होईल, अशी आशा पाश्चात्त्य देशांतील अनेक संयोजकांनी बाळगली. ती कितपत सार्थ आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या खेळाचा एक ठळक प्रारंभ संगीताच्याच अंगणात झाला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे १९८७ पासून भरणाऱ्या 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सवात मार्च २००९ मध्ये 'फोरस्क्वेअर' ही सेवा प्रथम लोकांपुढे आली. एखाद्या उपाहारगृहात वा संगीतगृहात पोहोचल्यावर फोनवरून हजेरी लावावयाची, मित्रांना ती कळवावयाची आणि त्याबद्दल बिल्ले मिळवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. मागील साठ दिवसांत एखाद्या ठिकाणी सर्वाधिक दिवस हजर राहणारा त्या ठिकाणचा 'मेयर' ठरे. महोत्सवाच्या गर्दीत कोणत्या दालनात कोण वाजवीत आहे आणि आपली मित्रमंडळी कोठे जमली आहेत, हे तत्क्षणी कळणे ही सोय मोठीच होती, यात शंका नाही.

अशा साधनांची गरजही काल्पनिक नव्हे. ब्रिटनमधील लहान संगीतगृहांच्या वतीने काम करणाऱ्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट' या संस्थेच्या अहवालानुसार एकट्या २०२३ साली त्या देशातील १२५ लहान संगीतगृहे एक तर बंद पडली किंवा त्यांनी कार्यक्रम करणे सोडून दिले. त्याच वर्षी या क्षेत्राचा सरासरी नफा उत्पन्नाच्या अवघा अर्धा टक्का होता. ज्या दालनात पन्नास माणसे कमी आली तर त्या रात्रीचा खर्चही निघत नाही, त्या दालनाच्या चालकाने बिल्ल्यांचा आधार शोधला, तर त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. शिवाय आजचा नामवंत कलावंत काल अशाच दालनात चाचपडत होता. ही दालने मिटली तर उद्याचे कलावंत कोठे घडणार, हा खरा प्रश्न आहे.

तथापि हजेरी म्हणजे श्रवण नव्हे, हे या खेळाने फार लवकर दाखवून दिले. घरी बसून दूरच्या ठिकाणी हजेरी लावणारे महाभाग निघाले आणि २०१० मध्ये कंपनीला खोट्या हजेऱ्या रोखण्याचे उपाय योजावे लागले. ज्याला गुण हवे होते, त्याला मैफलीत पाऊल टाकण्याचीही आवश्यकता वाटली नाही! यामागील कारण मानसशास्त्राला त्यापूर्वीच ठाऊक होते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांपैकी काहींना आधी बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढावयास लावले. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र उणावली नाही. आमिष आणि भेट यांतील हा भेद संयोजकांनी ध्यानी घेण्याजोगा आहे.

खेळ आणि मैफल यांचे सख्य मुळी जमतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकी वाद्यवृंदाने २००७ मध्ये 'ईयर झीरो' या आपल्या संग्रहाभोवती एक कूटकथा रचली. लिस्बन येथील कार्यक्रमाच्या वेळी स्वच्छतागृहात ठेवलेल्या एका यूएसबी साठवणीत अप्रकाशित गाणे सापडले, आणि श्रोते पुढील खुणांच्या शोधास लागले. येथे बक्षीस म्हणजे गुण नव्हते. ते संगीतच होते, आणि ते अवचित हाती आले होते.

महाराष्ट्राला या विचारात परके असे काही नाही. येथील म्युझिक सर्कलांनी वार्षिक वर्गणी घेऊन सभासदांना ठरावीक सभागृहाशी बांधून घेतले. गाणारा नामवंत असो वा नवखा, वर्गणीदार येऊन बसे, आणि बसता बसता त्याचा कान तयार होई. ठिकाणाशी निष्ठा जोडण्याचे जे काम 'मेयर'पदाला साधावयाचे होते, तेच या व्यवस्थेने केले. फरक एवढाच की येथे मानकरी ठरत असे तो ऐकणारा, फिरणारा नव्हे.

आणखी एक धोका आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये 'प्लीज रॉब मी' नावाच्या संकेतस्थळाने लोकांच्या जाहीर हजेऱ्या एकत्र मांडून दाखविल्या. मनुष्य मैफलीत आहे, याचा अर्थ त्याचे घर रिकामे आहे! शिवाय अशा सेवांचे आयुष्यही बेभरवशाचे. ऑस्टिनमध्येच जन्मलेली 'गोवाला' ही प्रतिस्पर्धी सेवा २०१२ मध्ये मिटली. फोरस्क्वेअरने हजेरीचा खेळ २०१४ मध्ये 'स्वॉर्म' या वेगळ्या ॲपकडे सोपविला आणि मूळ ॲप २०२४ च्या अखेरीस बंद केले. परक्या कंपनीच्या दप्तरात जमविलेला श्रोतृवर्ग त्या कंपनीच्या मर्जीवर राहतो.

म्हणून ज्यांना हे साधन वापरावयाचे आहे, त्यांनी ते आपल्या अटींवर वापरावे. श्रोत्यांची यादी संगीतगृहांनी स्वतःपाशी ठेवावी. ठावठिकाण्याची नोंद त्या संध्याकाळपुरतीच असावी आणि दुसऱ्या दिवशी पुसली जावी. आधी जाहीर केलेल्या गुणांऐवजी अनोळखी कलावंताला शेवटपर्यंत ऐकणाऱ्याच्या हाती त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण अकस्मात ठेवावे. मोबाईल श्रोत्याला दारापर्यंत आणू शकतो. दाराच्या आत गेल्यावर तो खिशात राहील, इतके सामर्थ्य मात्र स्वरांतच असावे लागते.