खेळाची पोथी

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसलीं आहेत, हें सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेलच. परंतु तो डाव कोणत्या नियमांनीं चालला होता, हें तो पाषाण सांगत नाहीं. उलट खोखोचें पाहा. मुलें तो पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलीं, पण गांवोगांवची रीत निराळी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं त्याचे नियम बांधले. पुढें ते छापले गेले, सुधारले गेले. आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस त्याच खेळाचा पहिला विश्वचषक झाला व आपल्या स्त्री आणि पुरुष या दोन्ही संघांनीं नेपाळवर मात करून तो जिंकला. खेळणाऱ्यांमुळें खेळ जगतो. पण तो परगांवीं पोंचतो, तो लिहिणाऱ्यांमुळें.

हें सुचण्यास कारण झाली आमच्या संगणककक्षांतील एक लहानशी गोष्ट.

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ नांवाचा संगणकावरील एक युद्धनीतीचा खेळ आहे. डेव्हिड व्हाइट यांनीं तो २००३ सालीं आरंभिला आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं वाढविला. त्याची आज्ञावली खुली आहे. ती कोणींही वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी; अट एवढीच कीं, देतांना घेणाऱ्यासही तेंच स्वातंत्र्य द्यावें. पट षट्कोनी घरांचा. सैनिकाचें बळ भूमीवर व वेळेवर अवलंबून. भालाईत सपाटीवर उभा असेल, तर त्याच्यावरील वार चुकण्याचा संभव शेंकडा ४०, किल्ल्यांत ६०, दलदलींत अवघा २०. दिवसां त्याचा आघात चतुर्थांशानें वाढतो, रात्रीं तितकाच घटतो. (गनिमी काव्याचा धडा ज्यांनीं नुसता पाठ केला, त्यांनीं हा डाव एकदां मांडून पाहावा.)

इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें हा खेळ शाळेंत आणला. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें मीं प्रथम तो बंद करविला. मग चौकशी करतां कळलें कीं, पोरगा खेळण्यापेक्षां लिहीतच अधिक होता. वर्गमित्रांस इंग्रजींतील साहाय्यपृष्ठें उमगेनात, म्हणून तो नियम मराठींत उतरवून काढीत होता.

आठ दिवसांनीं त्याचे वडील भेटीस आले. “सर, ह्यो रोज वहीत खेळ लिहीत बसतो. परीक्षेत ह्याचे मार्क मिळतेत का?”

मजपाशीं उत्तर नव्हतें. मीं मुलास वही वाचण्यास सांगितलें. या खेळांत रात्रीचे दोन भाग आहेत व इंग्रजींत त्यांस पहिली आणि दुसरी ‘वॉच’ म्हणतात. कोश पाहून मुलानें लिहिलें होतें, ‘पहिलें घड्याळ’. मीं हंसून ‘प्रहर’ सुचविला. वडील म्हणाले, “रातच्याला ज्वारी राखाया जातो, ती जागल. पहिली जागल, दुसरी जागल म्हणा की.” विचार करतां माझाच शब्द चुकला होता. रात्रीचे प्रहर चार. येथें भाग दोन. आणि इंग्रजी शब्दांतला पहारा ‘प्रहरांत’ नाहीं, तो जागलींत आहे. माझ्या पदवीचा येथें कांहींएक उपयोग झाला नाहीं.

दुसरें काम बांधणीचें, आणि तें अधिक कंटाळवाणें. त्याच विद्यार्थ्यानें रचलेली एक मोहीम त्याच्या संगणकावर चाले, शेजारच्यावर चालेना. कारण चित्रें भलत्याच ठिकाणीं राहिलीं होतीं. १९९३ पासून चालत आलेली ‘डेबियन’ ही स्वयंसेवकांची मंडळी या बाबतींत फार काटेकोर आहे. प्रत्येक गाठोड्यांत त्याला दुसरें काय काय लागतें याची नोंद हवी, परवान्याचा मजकूर हवा, आणि प्रत्येक आज्ञावलीस माहितीचें पृष्ठ असावें, असा त्यांचा दंडक आहे. वेसनॉथचें त्यांनीं एकच बोचकें केलें नाहीं. यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा, नकाशे, चित्रें इत्यादि सर्वत्र सारखें असणारें साहित्य वेगळें, संगीत वेगळें. असा विचार करणाऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. डाव मांडणाऱ्यास टाळ्या, गांठ मारणाऱ्यास नाहीं.

खेळांत वेळ जातो ही पालकांची तक्रार खोटी नाहीं, आणि अकरा वाजेपर्यंत पटावर डोळे लावून बसणाऱ्याची तरफदारी मी करणार नाहीं. परंतु जो आपल्याला समजलेलें दुसऱ्यास समजेल असें लिहितो, आणि आपल्याकडे चालणारें दुसऱ्याकडे चालेल असें बांधून देतो, त्याचा अभ्यास चाललेला आहे असेंच माझें मत आहे. मराठीच्या वार्षिक निबंधांपैकीं एकाऐवजीं अशी पुस्तिका स्वीकारावी, अशी सूचना मीं शिक्षकसभेपुढें ठेविली आहे. दोघां सहकाऱ्यांस ती रुचलेली नाहीं. “उद्यां पत्त्यांची पुस्तिका आणतील,” असें एकांचें म्हणणें. आणोत बापडे, नियम नीट लिहिले असतील, तर मी तपासीन.

वही सध्यां संगणककक्षांत ठेविली आहे. दलदलीविषयीं मात्र एकमत झालेलें नाहीं. दुधनाकांठचीं मुलें ‘पाणथळ’ म्हणतात, बाकीचीं ‘रेंदा’. आणि ज्या पालकांची बैलगाडी कधीं तशा जागीं रुतली असेल, त्यांचें मत अद्याप यावयाचें आहे.