तांदळाच्या कणगीतली गोळी



मुळशी धरणापलीकडच्या एका वाडीवर बचत गटाची बैठक संपली, तशी एका नव्या सुनेने मला आतल्या खोलीत नेले आणि तांदळाच्या कणगीतून गोळ्यांची पट्टी काढली. फिटच्या गोळ्या, माहेराहून लपवून आणलेल्या. चारच उरल्या होत्या. पौडला जायचे तर घरी कारण काय सांगायचे? म्हणून ती एक दिवसाआड गोळी घेत होती.

अशी गोळी चुकवली किंवा एकाएकी सोडली, तर झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतू शकते. नीट औषध मिळाले तर दहातल्या सात जणांचे झटके थांबू शकतात, आणि ही बाई गोळ्या मोजत बसलेली!

तिची भीती खोटी नाही. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार घातला गेला. वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीचे लग्न त्या कारणाने रद्द करून घेता येई. 1999 मध्ये तो शब्द निघाला. पण ‘लपवून फसवले’ म्हणत कोर्टात जायची वाट आजही आहे. सांगितले तर लग्न जुळत नाही आणि न सांगितले तर ती फसवणूक. मुलाची फिट मात्र ‘लग्नानंतर जाईल’ म्हणून झाकली जाते.

पट्टी उलटून पाहिली. सोडियम व्हालप्रोएट. झटके थांबवणारे चांगले औषध, पण गरोदरपणी घेतले तर दहातल्या एखाद्या बाळात जन्मजात व्यंग येते, आणि दहातल्या तीन-चार मुलांची बौद्धिक वाढ मागे पडते. म्हणूनच मूल होण्याच्या वयातल्या मुली-बायकांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले. लॅमोट्रिजीन, लेव्हेटिरॅसिटाम ही त्यामानाने सुरक्षित औषधे आहेत. पण बदल डॉक्टरांनीच, हळूहळू आणि दिवस जाण्याआधी करायचा असतो. फॉलिक अ‍ॅसिडही आधीपासूनच लागते. हे तिला कोणी सांगितले नव्हते. लग्न न झालेल्या मुलीशी मुलाबाळांचे बोलायचे कसे, असा संकोच असावा.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्या शिबिरांत माला-एन वाटताना ‘फिटची गोळी चालू आहे का?’ असे मी कधी विचारले नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, फेनोबार्बिटोन चालू असेल तर पाळणा लांबवण्याच्या गोळीचा भरवसा धरता येत नाही. त्या बाईला तांबी बरी. ‘गोळी घेऊनही दिवस गेले’ म्हणणाऱ्या किती जणींना आपण ‘तूच विसरली असशील’ म्हणालो?

त्या सुनेच्या गोळ्या आता गटातल्या एका मावशींकडे असतात. रोज रात्री ती ताक मागायला जाते आणि तिथेच गोळी घेते. पुढच्या आठवड्यात तिला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे. घरी ‘गटाचे प्रशिक्षण’ म्हणून सांगितले आहे. मला हे खोटे आवडलेले नाही. पण घरी सांगायचे की नाही, आणि कधी, हे तिनेच ठरवायचे आहे.