चाळणी कोणाची, प्रश्न कोणाचा?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी माळ. निसर्गाने वापरलेल्या वीस आम्लांतून पाच मण्यांच्या माळा गुंफावयाच्या, तर त्या होतात बत्तीस लक्ष. एकेक करून त्या बनविण्यात पिढ्या खर्ची पडल्या असत्या. बुडापेस्टच्या विद्यापीठातील प्राध्यापक आर्पाद फुर्का यांनी १९८२ साली जी युक्ती मांडली, ती कोणाही कारागिराला उमगावी इतकी साधी आहे. रेझिनच्या बारीक कणांचे वीस वाटे करावयाचे, प्रत्येक वाट्याला वेगळे आम्ल जोडावयाचे, सारे कालवून पुन्हा वीस वाटे करावयाचे. पाच फेऱ्यांत अवघ्या शंभर जोडण्या, आणि कण पुरेसे असले तर बत्तीस लक्ष माळा सिद्ध; तीही एका कणावर एकाच जातीची! रोगाशी निगडित प्रथिन या साठ्यावर सोडले की ज्या कणाला ते चिकटेल तो वेचून घ्यावयाचा. फुर्का यांनी ही कल्पना नोटरीकडे नोंदवून ठेवली. तिचे पेटंट झाले नाही. (हंगेरीच्या तत्कालीन राजवटीची थोरवी गाण्याचे हे निमित्त नव्हे.)

मेलबर्नच्या सरकारी मालकीच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये मारिओ गेसेन यांनी १९८४ मध्ये लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूतील एका प्रथिनाचे २०८ तुकडे बनवून प्रतिपिंडे नेमकी कोठे चिकटतात ते शोधले. प्रश्न गुराढोरांचा होता. तो सार्वजनिक संस्थेने विचारला.

पुढे वारे फिरले. १९९४ मध्ये तीच संस्था खाजगी झाली. १९९५ मध्ये ग्लॅक्सोने, अशा संग्रहांवर उभी राहिलेली अ‍ॅफिमॅक्स ही कंपनी सुमारे ५३ कोटी डॉलरांना विकत घेतली. खाजगी भांडवलाने काहीच दिले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु चाळणी स्वतः रोग निवडीत नाही. तिच्यावर कोणते प्रथिन सोडावयाचे हे तिचा मालक ठरवितो, आणि काळा आजार किंवा सर्पदंश यांचा रोगी त्याच्या हिशेबात ग्राहक म्हणून क्वचितच भरतो. शिवाय एकाच सर्वसाधारण सूत्राच्या पेटंटात लक्षावधी संयुगे कोंडता येतात. त्यांतील बहुतेक कोणी बनविलेलीही नसतात!

भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधी पदार्थावर पेटंट नाकारले होते. २००५ पासून ते कवच उरलेले नाही. म्हणून जनतेच्या पैशातून चालणाऱ्या प्रयोगशाळांनी खाजगी कंपन्यांशी करार करताना रोगाची निवड, मालकी आणि किंमत यांच्या अटी पदार्थ हाती आल्यावर नव्हे, चाळणी लावण्यापूर्वीच लिहून घेतल्या पाहिजेत, आणि ते करार संसदेपुढे ठेवले पाहिजेत.