फांद्यांचा चुरा करणारे यंत्र घेण्याआधी



मे महिना लागला की आमच्या नागपुरात विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात. पावसाळ्यापूर्वीचे ते काम, करावेच लागते. पण छाटणारी माणसे निघून जातात आणि कडुनिंब, करंज, सुबाभूळ, गुलमोहर यांचा ढीग रस्त्याच्या कडेला आठ-आठ दिवस पडून राहतो. मग एखाद्या संध्याकाळी कोणीतरी काडी लावतो. वसाहतीत धूर कोंडतो, दम्याची म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून बसतात. २०१६ साली घनकचऱ्याचे नियम आले आणि कचरा उघड्यावर जाळायला मनाई झाली. पण नियम कागदावर आणि काडी हातात, अशी आपली अवस्था आहे.

या ढिगापासून दहा पावलांवर आम्ही गेल्या जुलैत लावलेली रोपे उभी असतात. नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांवर गेले की रोज बादलीभर पाणी ओतूनही आळ्यातली माती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते. रोपांना ज्याची गरज आहे, तेच आपण शेजारी जाळतो. फांद्यांचा बारीक चुरा करून आळ्यात दोन-तीन इंच जाडीचा थर दिला, तर ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण कमी उगवते, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच चुऱ्याची माती होते. शेतकरी यालाच आच्छादन म्हणतात, शहरातले लोक मल्चिंग म्हणतात.

म्हणून गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की, चुरा करणारे यंत्रच घेऊन टाकू. वर्गणीचे थोडे पैसे शिल्लक होते. तरुण मंडळींनी लगेच माहिती काढली. “भाऊ, सात हॉर्सपॉवरचे पेट्रोलवाले मिळते, तीन इंची फांदी खाते म्हणे.” सगळ्यांच्या माना डोलल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, “पण ते चालवन कोन? फांदी आत घालन कोन?” बैठक गप्प झाली. हा प्रश्न दुकानदार कधी विचारत नाही, आणि आपणही विसरतो.

त्या बैठकीनंतर मी कारकुनाच्या सवयीने चार ठिकाणी जाऊन यंत्रे पाहिली, टिपणे काढली. ती आज आपल्यापुढे ठेवतो, कारण अशीच चर्चा इतरही वसाहतींत चालू असेल.

यंत्रे मुळात तीन रीतींची. एक विळीसारखे. त्यात फिरत्या जाड तबकडीवर किंवा नळकांड्यावर धारदार पाती बसवलेली असतात आणि ती फांदीचे काप काढतात. ओल्या, सरळ फांदीला हे उत्तम. दुसरे खलबत्त्यासारखे. त्यात लोखंडी हातोडे गरगर फिरतात आणि पाला, बारीक काड्या ठेचून काढतात. जाड लाकूड त्याला झेपत नाही. तिसरे उसाच्या चरकासारखे. दातेरी रूळ हळू फिरतो आणि फांदी चेपत, तोडत नेतो. ते आवाज फार करत नाही, सहसा अडकतही नाही, पण काम संथ. घरगुती विजेवर चालणारी छोटी यंत्रे बहुधा या तिसऱ्या रीतीची किंवा झपाट्याने फिरणाऱ्या पात्याची असतात. ती अडीच हजार वॉटची आणि फार तर दीड इंची फांदीपर्यंतची. एका घराच्या बागेला ती पुरतात. वसाहतीच्या ढिगापुढे बसवली तर दोन दिवसांत मोटार जळेल. शिवाय अडीच हजार वॉट म्हणजे जवळजवळ अकरा अँपिअर. त्याला जाड तीन पिनांचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि जाड वायर हवी. पंख्याच्या वायरीला वायर जोडून लांबवर नेण्याचा उद्योग करू नये. दहा हॉर्सपॉवरची मोटार घ्यायची तर थ्री फेज लागतो, तो आपल्या किती वसाहतींत आहे?

कडबा कुट्टीचे यंत्र वापरा, असेही एकाने सुचवले. ते ज्वारीच्या धांड्यासाठी आणि हिरव्या चाऱ्यासाठी आहे. लाकूड घातले तर पाते तुटेल, आणि त्याने किती जणांची बोटे नेली आहेत हे खेड्यातून आलेल्या कोणालाही विचारा.

आता दुकानदाराच्या बोलण्याविषयी. “तीन इंची फांदी” म्हणजे कोणती फांदी? एका दुकानात आम्हाला शेवग्याची फांदी घालून दाखवली. यंत्राने ती काकडीसारखी खाल्ली! शेवगा म्हणजे लाकूड का? दुसऱ्या वेळी मी सायकलच्या कॅरिअरला कडुनिंबाची वाळत आलेली मनगटाएवढी फांदी बांधून नेली. सात हॉर्सपॉवरचे तेच यंत्र कण्हत बंद पडले. तेव्हा आपल्याकडे जे लाकूड निघते तेच घेऊन जा आणि आपल्या डोळ्यांसमोर घालून दाखवायला सांगा. साधारणपणे सांगितलेल्या मापाच्या दोन-तृतीयांश धरून चालावे. त्याहून जाड लाकूड चुऱ्यासाठी नाहीच, ते बाजूला काढून ठेवावे. आणि छाटणीनंतर दोन-चार दिवसांत काम उरकावे. ओली फांदी सहज कापली जाते, वाळलेली पात्याची धार खाते.

पात्याविषयी दोन प्रश्न जरूर विचारा. पाते उलटून दुसऱ्या बाजूने वापरता येते का, आणि नवे पाते गावात मिळते का? धार गेली की काप निघायच्या ऐवजी दोरे आणि भुकटी निघू लागते, यंत्र थरथरते. धार लावणाऱ्याला दोन्ही पाती सारखीच घासायला सांगावी. एक हलके, एक जड झाले तर यंत्र हादरून नट ढिले होतात.

पण माझ्या मते सगळ्यांत आधी पाहायचे ते यंत्राचे तोंड. आमच्या वस्तीतला एक पोरगा एका मोठ्या संकुलाच्या बागेत ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. तिथल्या यंत्राचे तोंड आखूड, हात घातला तर पात्यापर्यंत पोचेल असे. फांद्यांची मोळी बांधलेली सुतळी आत खेचली गेली, तिचा फास त्याच्या मनगटात होता. दोन बोटे गेली. बंद करण्याचे बटण यंत्राच्या मागच्या बाजूला होते. ठेकेदार म्हणाला, पोराने घाई केली. त्याच्या भरपाईचा अर्ज मी लिहिला, तेव्हा त्याने डाव्या हाताने सही केली. उजव्याला पट्टी होती.

शेतातल्या मळणी यंत्रांनी असेच हात नेले, म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. आपण कायद्याची वाट का पाहावी? फांदी घालण्याचा नळ माणसाच्या पूर्ण हाताहून लांब असलाच पाहिजे. बंद करण्याचे बटण फांदी घालणाऱ्याच्या हाताशी पाहिजे. झाकण उघडले की यंत्र आपोआप थांबले पाहिजे. यातले एक जरी नसेल, तर यंत्र कितीही स्वस्त असो, परत फिरावे. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, पायांत बूट हवेत. पदर, ओढणी, उपरणे, सैल बाह्या, सैल हातमोजे यांना यंत्राजवळ जागा नाही. अडकलेली काडी काढायची तर आधी इंजिन बंद, पेट्रोलचे असेल तर प्लगची टोपी काढून, मगच हात. आणि फांद्या घालण्यापूर्वी तपासा. १४ एप्रिलच्या रोषणाईच्या तारा आणि झेंड्यांचे खिळे मे महिन्यातही फांद्यांवर असतात. आमच्या ढिगातून ओंजळभर निघाले.

आता हिशेब. समजा यंत्र साठ हजारांना पडले आणि दहा वर्षे टिकले. वर्षाला सहा हजार झीज. पाती, पट्टा, दुरुस्ती यांचे आणखी तीन हजार धरा. आपले काम वर्षात चार दिवसांचे. म्हणजे पेट्रोल आणि मजुरी सोडून दिवसाला सव्वादोन हजार रुपये, आणि उरलेले तीनशे साठ दिवस ते पत्र्याखाली गंजत बसणार. यापेक्षा कमी भाड्यात चालवणाऱ्यासकट यंत्र मिळत असेल तर विकत घेण्यात शहाणपण नाही. तीन वसाहतींनी मिळून घेतले आणि बारा दिवस चालवले तर तोच खर्च साडेसातशेवर येतो. मग विचार करता येईल. पण मग ठेवायचे कुठे, धार कोण लावणार, किल्ली कोणाकडे, हे आधी वहीत लिहून घ्यावे. सार्वजनिक वस्तू बिघडते ती बहुतेक किल्लीवरून.

आम्ही शेवटी शहराबाहेरच्या एका नर्सरीवाल्याचे मोठे, लांब तोंडाचे यंत्र त्याच्या माणसासकट एक दिवस भाड्याने आणले. पोरांनी आदल्या दिवशी फांद्यांची जाड टोके एका बाजूला करून ढीग लावून ठेवला होता, म्हणून काम दुपारी तीनला संपले. जाड टोक आधी घातले की बारीक डहाळ्या मागून मिटत जातात. कण्हेर आम्ही वगळली, ती विषारी. बाभूळ आणि बोगनवेलही वगळली, कारण काटे चुऱ्यात शिल्लक राहतात आणि आपली मुले अनवाणी खेळतात. सुबाभळीच्या पिकलेल्या शेंगा तोडून टाकल्या, नाहीतर आळ्यात सुबाभळीचेच रान उठले असते.

चुरा घालताना खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजते, वाळवी लागते. चुरा मातीत कालवू नये, वर पसरावा. कालवला तर कुजताना तो मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोप पिवळे पडते. भाजीच्या कोवळ्या रोपांना ताजा चुरा नकोच.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही आळ्यांना दिवसाआड पाणी दिले. बावीस रोपांपैकी एकोणीस जगली. तीन गेली, त्यांतली दोन शेळ्यांनी खाल्ली. मावशी आता म्हणतात, पुढच्या बैठकीत कुंपणाचा विषय घ्या.