रजई दिसते, शिवणारी कुठे गेली?

मागच्या बैठकीत एका मैत्रिणीनं 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'चं भरभरून कौतुक केलं. आपणही गोधड्यांची तशीच नोंद करू, म्हणाली. कौतुक मलाही आहे. महामंदीत, १९३५ साली, अमेरिकन सरकारनं बेकार चित्रकारांना पगारावर घेतलं आणि जुन्या घरगुती वस्तू जलरंगात हुबेहूब उतरवायला लावल्या. रजया, बाहुल्या, मडकी, छपरावरचे वातकुक्कुट. १९४२ पर्यंत अठरा हजारांवर चित्रं झाली. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. कल्पनाही बायकांचीच: ग्रंथालयातला चित्रसंग्रह सांभाळणाऱ्या रोमाना जेविट्झ आणि कापडावर नक्षीकाम करणाऱ्या रूथ रीव्हज. (रीव्हज पुढे १९५६ साली भारतात आल्या, इथल्या हस्तकलांसाठी राबल्या, १९६६ मध्ये दिल्लीतच वारल्या. आपल्यापैकी किती जणींनी त्यांचं नाव ऐकलंय?)

पण चित्रांच्या नोंदी वाचा. 'रजई', आणि पुढे चित्रकाराचं नाव. जिनं घरचं सगळं उरकून, डोळे फोडत ती शिवली, तिचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. चांदीच्या भांड्यावर मात्र कारागिराचा ठसा असे. त्याचं नाव टिकलं, कारण ते धंद्याचं काम होतं. बाईचं काम घरचं. घरचं काम कुणी केलं हे कोण विचारतो? काही जणींनी रजईच्या कोपऱ्यात टाक्यांनीच आपलं नाव आणि साल घातलं. त्यांना पुढचं दिसत असणार.

मूळ रहिवाशांच्या वस्तू तर यात घेतल्याच नाहीत. त्या म्हणे मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांकडे जायच्या!

"शंभर वर्षांनी नावं कुठून आणायची?" असं मला विचारलं गेलं. त्यांना कदाचित शक्य नव्हतं. आपल्याला आहे. आपल्या गोधड्या शिवणाऱ्या बाया जिवंत आहेत, दुपारी ओट्यावर बसलेल्या सापडतात. तरी आपल्या फॉर्मवर रकाने कोणते? वस्तू, गाव, काळ, छायाचित्रकार. शिवणारीचा रकाना नाही, तिला किती दिवस लागले हे नाही, आणि गोधडी विकली तर पैसे कुणाच्या हातात गेले हेही नाही.

फॉर्म छापून आलेत, खर्च झालाय, हे मला ठाऊक आहे. तरी ते घेऊन मी वस्तीत जाणार नाही. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.