चकमक आहे, दारू कुठे?

ठासणीची बंदूक म्हटली की आपल्याला संग्रहालयातली काचेची पेटी आठवते. अमेरिकेत मात्र हौशी नेमबाज ती आजही खांद्याला लावतात. त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ सालची. या मंडळींना आज चिंता आहे ती दारूची.

सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही काळी दारू व्यापारी प्रमाणावर बनवणारा एकच कारखाना त्या देशात उरला होता, लुइझियानातल्या मिंडेनचा. सप्टेंबर २०२१ मध्ये मालकांनी तो बंद करण्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये तो घेतला कोणी, तर मुलांची हौशी रॉकेटे बनवणाऱ्या एस्टेसवाल्यांनी! त्या रॉकेटांच्या पोटातही हीच दारू असते. नेमबाजांना वाचवले ते असे पोरांच्या खेळाने.

‘पर्यायी दारू वापरा’ हा सल्ला मला पटत नाही. तिला पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीच्या बंदुकीत ती चालून जाते. चकमकीच्या ठिणगीवर तिचा भरवसा नाही. युरोपातली दारू उत्तम, पण स्फोटक माल समुद्रापार आणायचा म्हणजे खर्च आला, सोपस्कार आले.

जुन्या बंदुकांसाठी ५० पौंडांपर्यंत दारू परवान्याविना बाळगायला तिथला केंद्रीय कायदा मुभा देतो. त्यामुळे अफवा उठली की डबे भरून ठेवायचा मोह होतो. मग पुढे दोन-तीन वर्षे खरेदीच नाही! अशा गिऱ्हाइकावर कारखाना कसा चालावा? मला विचाराल तर तिथल्या क्लबांनी वर्षाची मागणी एकत्र करून आगाऊ नोंदवावी, आणि भाव चार पैसे चढा असला तरी ती पाळावी.