दुचाकीस्वाराची दृष्टी : चष्मा की स्पर्शभिंग?

मोटारसायकलचा परवाना मागणाऱ्यास अर्जासोबत स्वतःच्या प्रकृतीविषयी एक घोषणापत्र भरून द्यावे लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नमुना क्रमांक १ तो हाच. चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरील मोटारीच्या क्रमांकाची पाटी आपणास ओळखता येते काय, असा प्रश्न त्यात आहे. चष्मा असल्यास तो लावून पाहण्याची मुभाही तेथेच दिलेली आहे. बहुतेक अर्जदार त्यापुढे ‘होय’ लिहून मोकळे होतात. आता ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. म्हणजे हे २५ मीटर ते दीड सेकंदात कापते. एवढ्या अवधीत खड्डा दिसावयाचा, तो खड्डाच आहे असे मेंदूने ठरवावयाचे, आणि हातापायांनी ब्रेक दाबावयाचा. घोषणापत्र भरताना डोळ्यांवर असलेला चष्मा प्रत्यक्ष रस्त्यावर डोळ्यांवर असतो काय, हे मात्र पुढे कोणी विचारीत नाही.

पुष्कळदा तो नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने शिरस्त्राण, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातले हेल्मेट, आवश्यक केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु हेल्मेटच्या आतील गादी चष्म्याच्या काड्या कानशिलांवर दाबते, अर्ध्या तासात डोके ठणकू लागते, आणि पावसाळ्यात चौकात थांबताच भिंगांवर वाफ धरते. मग कोणी चष्मा खिशात ठेवतो, तर कोणी हेल्मेट कोपराला अडकवितो. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग म्हणून आज स्पर्शभिंगांची शिफारस केली जाते. (दुकानात ‘स्पर्शभिंग’ मागू नये, दुकानदार गोंधळेल, तेथे ‘लेन्स’ एवढेच म्हणतात. परिभाषाकोशातील शब्द बाजारापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो.) ही शिफारस कितपत स्वीकारावी, याविषयी आमचे मत येथे मांडावयाचे आहे.

प्रथम स्पर्शभिंगांचा गुण निःसंकोचपणे मान्य केला पाहिजे. आपला उच्छ्वास शरीराच्या उष्णतेच्या जवळपास असतो आणि बाष्पाने संपृक्त असतो. हनुवटीपर्यंत बंद असलेल्या हेल्मेटमध्ये तो वर चढतो व थंड भिंगास लागताच त्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब प्रकाश विखुरतात आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. स्पर्शभिंग डोळ्याच्याच उष्णतेचे असते व सदैव अश्रूंत भिजलेले असते, त्यामुळे त्यावर वाफ धरत नाही. दुसरे असे की, चष्म्याचे भिंग डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असते. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसास त्यातून वस्तू किंचित लहान दिसतात, आणि चौकटीबाहेरचे जग धूसरच राहते. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज आरशात तिरकी नजर टाकून घ्यावयाचा असतो, तेव्हा ही चौकट नडते. स्पर्शभिंग बुबुळाबरोबर फिरते, त्यास चौकट नाही. या १२ मिलिमीटरांमुळेच चष्म्याचा क्रमांक स्पर्शभिंगास तसाच्या तसा चालत नाही: उणे ६ डायॉप्टरच्या चष्म्याच्या जागी सुमारे उणे ५.६ चे भिंग लागते. जुन्या चष्म्याची चिठ्ठी दाखवून लेन्स घेणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

तथापि स्पर्शभिंग ज्या द्रव्याचे बनते, त्यातच दुचाकीस्वाराची अडचण दडलेली आहे. केवळ बुबुळ झाकणारे कठीण प्लॅस्टिकचे भिंग १९४८ साली अमेरिकेत केव्हिन टुओही याने पुढे आणले. मऊ भिंग त्यानंतरचे. १९६१ च्या अखेरीस प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टर्ले याने मुलांच्या यांत्रिक खेळण्याचे सुटे भाग व सायकलचा डायनमो जोडून घरीच एक यंत्र उभे केले आणि त्यावर पाणी शोषणाऱ्या प्लॅस्टिकची भिंगे घडविली. या प्रकारच्या आरंभीच्या भिंगात वजनाच्या सुमारे ३८ टक्के पाणी असे. आजची मऊ भिंगे पुष्कळ सुधारलेली असली तरी पाणी हा त्यांचा घटक आहेच. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात, म्हणजे स्वच्छमंडलात, रक्तवाहिन्या नाहीत. त्यास प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. भिंगातून प्राणवायू पार जाऊ शकत असेल तरच हा व्यवहार सुरळीत चालतो. आता हेल्मेटची काच वर करून गाडी हाकणाऱ्याचा विचार करावा. वाऱ्याने अश्रू सुकतात, रस्त्यावर नजर खिळल्याने पापण्या कमी वेळा मिटतात, भिंग कोरडे पडून डोळ्यास घट्ट बसते आणि दृष्टी अंधुक होते. कठीण भिंगाचा व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर, मऊ भिंगाचा १४ च्या आसपास. म्हणून लहान व कठीण भिंगाखाली धुळीचा कण शिरण्याची भीती अधिक. तसा कण शिरला की डोळा आपोआप मिटतो, पाण्याने भरतो, आणि हे धावत्या गाडीवर घडते.

आपल्या रस्त्यांवर धूळ किती असते, हे इंदूर, हैदराबाद अथवा बडोदे येथील मराठी वाचकास पुण्याच्या वाचकाइतकेच ठाऊक आहे. अशा प्रवासात डोळा चुरचुरू लागल्यावर माणूस ढाब्यावर थांबून भिंग काढतो आणि नळाखाली धुऊन पुन्हा घालतो. हीच गोष्ट कधी करू नये. नळाच्या, विहिरीच्या किंवा बाटलीतल्या पाण्यात अकँथामीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. भिंगाबरोबर तो डोळ्यात शिरल्यास स्वच्छमंडलास असा संसर्ग होतो की महिनोन्‌महिने औषध घालूनही दृष्टी पूर्ववत होईलच असे नाही. भिंगाच्या वेष्टनावर ही सूचना असते, परंतु ती असते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास येथे राग आल्याशिवाय राहत नाही. साबणाच्या जाहिराती देशातील सर्व भाषांत निघतात. डोळा वाचविणारे एक वाक्य तेवढे निघत नाही.

या सर्वांचा विचार करता रोज कामावर ये-जा करणाऱ्या सामान्य दुचाकीस्वाराने चष्माच वापरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र तो दुचाकीसाठी निवडलेला असावा. काड्या सरळ व पातळ असाव्यात, म्हणजे हेल्मेट घातल्यानंतर त्या कानावरून आत सरकविता येतात. भिंगे काचेची नसावीत. पॉलिकार्बोनेटची असावीत, कारण पडल्यावर काचेचे तुकडे कोठे जातील ते सांगता येत नाही. परावर्तनरोधक लेप हा चैनीचा प्रकार समजला जातो, पण साध्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या ज्या भुतासारख्या प्रतिमा दिसतात त्या याचमुळे. उन्हात काळी पडणाऱ्या भिंगांवर पैसे घालवू नयेत. ती अतिनील किरणांनी काळी पडतात, आणि हेल्मेटची ‘काच’ वस्तुतः पॉलिकार्बोनेटची असल्याने ते किरण बाहेरच अडविते. वाफेवर उपाय म्हणजे हेल्मेटच्या हवेच्या वाटा उघड्या ठेवणे आणि चौकात थांबल्यावर काच बोटभर उचलणे.

अपवाद आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. ज्यांचे स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे आलेले असते, अशा कित्येकांस चष्म्याने नीट दिसतच नाही. त्यांस कठीण भिंगच हवे. फार मोठा क्रमांक असणाऱ्यांसही स्पर्शभिंगाचा लाभ खरा आहे. त्यांनी शक्य तेथे एकदा वापरून टाकून द्यावयाची भिंगे घ्यावीत, गाडी चालू असताना हेल्मेटची काच पूर्ण बंद ठेवावी, भिंग घालून झोपू नये, आणि जुजबी का होईना, एक चष्मा खिशात बाळगावा. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या कोरड्या, विरळ हवेत दुचाकीवर जाणाऱ्यांनी तर तो चष्मा विसरूच नये.

चाळिशी ओलांडलेल्यांचे प्रकरण वेगळे. एका डोळ्यास दूरचे व दुसऱ्यास जवळचे भिंग घालण्याची युक्ती वाचनास सोयीची असली तरी अंतराचा अंदाज दोन्ही डोळ्यांच्या सहकार्यावर अवलंबून असतो, म्हणून गाडीवर ती आम्हांस पसंत नाही. बहुकेंद्री चष्म्यातही खालच्या भागातून चाकापुढचा रस्ता पुसट दिसतो. गाडीसाठी केवळ दूरच्या क्रमांकाचा चष्मा वेगळा ठेवावा. वेगदर्शकाचा काटा एवढा बारीक नसतो की त्यासाठी वाचनाचे भिंग लागावे. आणि नवे हेल्मेट घ्यावयास जाताना हा चष्मा बरोबर न्यावा. दुकानातच हेल्मेट चढवून, मग चष्मा घालून, पाच-दहा मिनिटे तसेच उभे राहावे. कानशिले दुखू लागली तर ते हेल्मेट परत करून दुसरे मागावे. दुकानदार कुरकुर करील, त्याला करू द्यावी.